गाव पळालं तेव्हा

“फुडे जाव नकात. गाव पळालो असा.”

काठी आडवी धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं आणि आमची स्कूटर थांबवली. आमच्या ह्यांनी पाय खाली टेकले. मी मागे बसले होते. मांडीवर पिशवी, पाठीशी वळकटी आणि डाव्या हातात संसाराची पहिली वस्तू म्हणून घेतलेली नवी बादली. सकाळपासूनच्या लाल धुळीनं माझ्या गुलाबी साडीचा रंग ओळखू येईनासा झाला होता.

“गाव कसं पळेल हो?” मी विचारलं. मला आधीच वैताग आला होता.

म्हाताऱ्यानं काठीनं डावीकडं दाखवलं. खाडीच्या काठानं माळावर नारळाच्या झावळ्यांच्या शंभरेक झोपड्या उभ्या होत्या. चुली पेटल्या होत्या, गुरं खुंट्यांना बांधलेली होती, कुत्री फिरत होती, आंब्याच्या फांदीला कुणीतरी रेडिओ टांगला होता. समोरच्या रस्त्यावर मात्र कौलारू घरं दारं लावून गप्प उभी होती. एक माणूस नाही की कोंबडी नाही.

ह्या गावाची, मुरवण्याची, ती रीतच होती. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात सगळं गाव तीन दिवस-तीन रात्री घरं सोडून शिवेबाहेर येऊन राहायचं. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, गुरंढोरं, मांजरंसुद्धा. आत दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी शिवेवरच्या देवाला कौल लावायचा. देव हो म्हणाला की परत घरी. नाही म्हणाला तर आणखी एक दिवस बाहेर.

“आम्हाला गुणाजी राऊळांच्या घरी उतरायचंय,” हे म्हणाले. “इचलकरंजीहून आलोय. ते आणि मी एकाच कारखान्यात माग चालवतो.”

“गुणाजीचा घर बंद असा. आवस हंय असा,” म्हातारा म्हणाला आणि झोपड्यांकडं तोंड करून ओरडला, “गो यशोदे, तुझे पावणे इले!”

हे ऐकून आमचे हे हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

ते का, ते सांगते. एकोणनव्वद साल होतं. सात वर्षांपूर्वी मी, त्रिशला, जिनपाल चौगुल्यांशी लग्न करून इचलकरंजीला आले. घरात आम्ही अकरा माणसं. थोरले दीर आदगोंडा, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांच्या शब्दावर घर चालायचं. माणसं वाईट अजिबात नव्हती. पण सात वर्षांत मी आणि माझा नवरा एका बंद दाराआड दिवसा उजेडी पाच मिनिटं बोललो असू तर शपथ. काही बोलायचं झालं तर मी जिन्यात गाठायची, आणि हे म्हणायचे, “बघू.”

मी चिडून अभ्यास केला, परीक्षा दिली आणि पास झाले. वेंगुर्ल्याच्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून सोमवारी हजर व्हायचं होतं. मी ह्यांना म्हटलं, तुम्हीही चला. माग चालवणाऱ्याला कुठंही काम मिळेल, नाही मिळालं तर दुसरं काही करू. दादांना सांगा की आम्ही वेगळे राहतोय. हे म्हणाले, “बघू.” मग दादांची जुनी स्कूटर मागून घेतली आणि म्हणाले, “तुला सोडायला येतो. समुद्राच्या कडेनं जाऊ. तू समुद्र पाहिला नाहीस.”

म्हणजे माझ्याजवळ वेंगुर्ल्यापर्यंतचा रस्ता होता. तेवढ्यात ह्यांच्या तोंडून हो किंवा नाही काढायचं होतं.

पैसे बेताचेच. म्हणून मुक्काम ओळखीच्यांकडं. कोकणातली बरीच माणसं मागावर होती, प्रत्येकानं आपलं घर देऊ केलं होतं. रत्नागिरीत एक रात्र, पुढं दोन गावांत एकेक. खाडीवर पूल नसला की स्कूटर होडीत चढवायची, ह्यांनी तिला दोन्ही हातांनी मिठी मारून उभं राहायचं आणि मी बादली सांभाळायची. समुद्र मला इतका आवडला की मी दोन दिवस भांडायचंच विसरले. मुरवण्यात तीन रात्री होत्या. गुणाजींनी सांगितलं होतं, “घर मोठं आहे, आई आणि बायको दोघीच असतात. निवांत राहा.” ह्याच आठवड्यात गाव बाहेर पडणार हे ते विसरले होते, आणि त्या निवांतवर मी सगळी भिस्त ठेवली होती.

आणि निवांत म्हणून जिथं आले तिथं आठशे माणसं उघड्यावर बसलेली.

गुणाजींची आई, राऊळकाकी, पदरानं हात पुसत आल्या. काटकुळ्या, कपाळावर मोठं कुंकू. “येवा, येवा. घर नाय तर नाय, जागा असा. बाये, ती बादली हय दी. पाण्याक बरी पडात.” माझी नवी बादली अशी गावाच्या कामाला लागली.

झोपडीत त्यांची सून सुनंदा होती, आठवा महिना लागलेला. मधे एक साडी टांगून आमची सोय झाली. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, मासे-अंडी दूरच. मी ते चाचरतच सांगितलं. काकी म्हणाल्या, “मगे काय झाला? तुमका येगळा मडक्यात करतंय.” आणि त्यांनी साडेपाचला आम्हाला कुळथाची पिठी आणि भात वाढला. शेजारच्या झोपड्यांतल्या बाया आम्ही एवढ्या लवकर कसे जेवतो ते बघायला आल्या. मी खाली मान घालून जेवले. हे मात्र त्यांच्याशी गप्पा मारत दोनदा भात मागून घेत होते.

पुढचे दोन दिवस मी आमच्या ह्यांना नव्यानंच बघितलं. एवढा हसणारा माणूस माझ्या नवऱ्याच्या कपड्यांत कुठून आला, असं मला झालं. कुणाची झोपडी कलली की हे दोरी घेऊन हजर. म्हाताऱ्यांत बसून पत्ते खेळले. झावळ्या विणायला शिकले. पोरांना खांद्यावर घेऊन खाडीत उतरले. मी एकटीला गाठून विषय काढला की म्हणायचे, “आलोच, त्या सावंतांची गाय सुटलीय.”

“गाय त्यांची आहे,” मी म्हणायची.

“म्हणून काय झालं,” हे म्हणायचे आणि जायचे.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. आम्ही दोघं शिवेच्या कडेनं चालत होतो. मीच ओढून नेलं होतं. चालता चालता हे थांबले.

“ऐकू आलं?”

“काय?”

“कोंबडी. आत आहे कुठंतरी.”

मलाही ऐकू आलं. शिवेच्या आतलं तिसरंच घर होतं, राऊळांचं. काकींनी पहिल्याच दिवशी लांबून दाखवलं होतं. आतून कुरकुर यायची, थांबायची, पुन्हा यायची. काकी तीन दिवस आपली तांबडी कोंबडी शोधत होत्या, कुत्र्यानं नेली म्हणून हळहळत होत्या. ती घरातच राहिली होती.

“तीन दिवस बिनपाण्याची असंल,” हे म्हणाले.

“काकींना सांगू या.”

“त्या काय करणार? त्यांना आत जाता येतंय का? जीव तगमगंल नुसता.” हे क्षणभर उभे राहिले. “आपण काय ह्या गावचे नाही.”

दुसरं कुणी असतं तर एका कोंबडीसाठी गावाची रीत मोडली नसती. पण लहानपणापासून आम्हाला मुंगीसुद्धा ओलांडून जायला शिकवलेलं. आम्ही इकडं-तिकडं पाहिलं आणि शीव ओलांडली.

दाराला नुसती कडी होती. कोंबडी माळ्यावरच्या गवतात बसलेली, चोच उघडी. ह्यांनी तिला उतरवलं, परसातल्या दगडी डोणीतलं पाणी करवंटीत घालून पुढं ठेवलं. मी कणगीतले मूठभर भाताचे दाणे टाकले. काम झालं. निघायला हवं होतं. हे दाराकडं वळले आणि मी पडवीत बसले.

“उठ.”

“घडीभर बसा ना. इथंच तर उतरणार होतो आपण.”

हे बसले. शेणानं सारवलेली गार जमीन होती. वाऱ्यानं पोफळी हलत होत्या. लांबून समुद्राचा आवाज येत होता आणि त्याखेरीज सगळ्या गावात आवाज नव्हता. सात वर्षांत पहिल्यांदा मी नवऱ्याच्या खांद्यावर भर दुपारी डोकं ठेवलं, कुणी येईल अशी भीती न बाळगता. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. किती वेळ बसलो कोण जाणे.

“असं घर मिळेल वेंगुर्ल्याला,” मी म्हटलं. “दोन खोल्या असल्या तरी पुरे. राहाल ना?”

हे कोंबडीकडं बघत होते.

“तिनं पाणी पिलं बघ,” म्हणाले.

मी उठले, दार ओढून कडी लावली आणि पुढं चालायला लागले. मनात म्हटलं, भित्रा माणूस. दादांच्या सावलीला भिणारा. हा कधी तोंड उघडणार नाही. कोंबडीचं काकींना सांगायचं नाही एवढं मात्र मी बजावलं. उद्या घरी गेल्यावर त्यांना ती जिवंत दिसेलच.

शनिवारी सकाळी सगळं गाव शिवेवरच्या देवापुढं जमलं. देव म्हणजे कमरेएवढा काळा पाषाण. गावकारानं, म्हणजे गावच्या मानकऱ्यानं, काठी आडवी धरून आम्हाला थांबवणाऱ्या त्याच म्हाताऱ्यानं, देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. त्यानं गाऱ्हाणं घातलं. लोक बोचकी बांधून तयार होते. सुनंदा दगडावर टेकून बसली होती, तिचे पाय सुजले होते. तिला घरी जाऊन पाठ टेकायची होती, एवढंच ती सकाळपासून म्हणत होती.

पाकळ्या पडेनात. अर्धा तास गेला, तास गेला. गावकारानं तीनदा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. कुजबुज सुरू झाली.

गावकार लोकांकडं वळला. “कोण आत जावन इलो काय? इलो आसात तर सांगा. देव काय खाता कोणाक?”

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी श्वास घेतला तसा मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला.

“गप्प बसा,” मी पुटपुटले. “पडेल पाकळी. आपण तासाभरात निघतोय. कशाला उगाच?”

सात वर्षं ज्या माणसाला बोला बोला म्हणून मी छळलं, त्याचा सदरा धरून मी हे म्हणत होते. ह्यांनी हात मागं नेला, माझी बोटं सदऱ्यावरून हळूच सोडवली आणि पुढं झाले.

“मी गेल्तो,” हे म्हणाले. “काल दुपारी. राऊळांच्या घरात कोंबडी अडकलीती. पाणी दिलं तिला. आणि पडवीत बसलो घडीभर. बसायचं काय कारण नव्हतं. चूक झाली माझी.”

हे ‘मी’ म्हणाले. ‘आम्ही’ नाही. तिथं आठशे माणसं ह्यांच्याकडं बघत होती आणि मी, घरात सगळ्यांत जास्त चुरूचुरू बोलणारी, मागं उभी राहिले. आज पस्तीस वर्षांनी लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

“माझी तांबडी जिती असा?” काकी एकदम ओरडल्या आणि काही लोक हसले.

“भायली माणसा,” एक बाई फणकारली. “त्यांका काय त्याचा?”

गावकारानं हात वर केला. तो ह्यांच्यापाशी आला. मग म्हणाला, “सांगलास ता बरा केलास.” देवाकडं वळून त्यानं घडलेलं सगळं, कोंबडीसकट, सांगितलं आणि पुन्हा कौल मागितला.

डावीकडची पाकळी पडली. आणखी एक दिवस बाहेर.

मला वाटलं आता आमची धडगत नाही. पण लोकांनी बांधलेली बोचकी सोडली आणि चुली पुन्हा पेटवायला घेतल्या. सुनंदा कमरेवर हात ठेवून झोपडीकडं चालायला लागली. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

“चला आता,” मी ह्यांना म्हटलं. “सोमवारी हजर व्हायचंय. खोली बघायचीय.”

“उद्या जाऊ. आपल्यामुळं थांबलेत सगळे. आपण कसं जायचं?”

दुपारभर हे झावळ्या विणत होते. सुनंदाच्या डोक्यावर ऊन येत होतं तिथं छपराला आणखी एक थर घालायचा होता. मी तिचे पाय चेपून दिले, मग खाडीच्या काठावर ह्यांच्यासमोर जाऊन बसले. ऊन कललं होतं. माझ्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट फिरत होती.

“एक विचारू?”

“विचार की.”

“सगळ्या परक्या गावासमोर बोलता आलं तुम्हाला. दादांसमोर सात वर्षं बोलता येत नव्हतं?”

ह्यांचे हात विणता विणता थांबले.

“दादाला काय सांगू?”

“हेच, की मला वेगळं राहायचंय.”

“ते खोटं झालं असतं,” हे म्हणाले.

“खोटं कसं?” मी विचारलं.

“मला नाही राहायचं वेगळं, त्रिशला. मला ते घर आवडतंय. सगळे असले की मला बरं वाटतं. रिकाम्या घरात जीव घाबरतो माझा. काल पडवीत बसलो, तू खूश होतीस, आणि मला वाटत होतं की कधी एकदा माणसांत जातोय.”

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा तास होता तो.

“मग हे मला का नाही सांगितलंत? सात वर्षं नुसतं बघू, बघू. मी तुम्हाला दादांना भिणारा समजत होते.”

“दादाला कोण भितंय?” हे म्हणाले. झावळीची एक काडी काढून मोडत बसले. “तुला भितोय मी.”

मला हसू आलं आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. हे घाबरून उठले, पाणी आणायला धावले, अर्ध्या वाटेतूनच परत आले. मी म्हटलं, बसा. हे बसले. मी रागावले नाही याची खात्री करायला ह्यांनी दोनदा माझ्या तोंडाकडं बघितलं. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत आमचं जेवण झालं नाही. काकी बोलवायला आल्या तेव्हा सूर्य बुडून गेला होता. मग आम्ही दोघं सकाळपर्यंत उपाशीच राहिलो.

रविवारी पहिल्याच गाऱ्हाण्याला उजवी पाकळी पडली. सगळं गाव गुराढोरांसह ढोल वाजवत घरी निघालं. काकींनी तांबडीला काखेत धरून आम्हाला शिवेपर्यंत पोचवलं आणि ह्यांना म्हणाल्या, “झिला, परत ये हां. खऱ्या घरात ठेवतंय तुका.”

संध्याकाळच्या आत आम्ही वेंगुर्ल्याला पोचलो. कचेरीतल्या एका बाईंनी पत्रानं एक घर कळवलं होतं. बंदराच्या रस्त्याला, दोन खोल्या, मागं विहीर. पडवीसुद्धा होती. मी ती बघितली आणि ह्यांच्याकडं बघितलं नाही. घरमालकीण, सत्तरीच्या विधवा बाई, किल्ली हातात धरून आम्हाला आणि एकाच माणसाच्या सामानाला न्याहाळत होत्या.

“बाये, तू एकटी ऱ्हवतलंस? घोव कधी येतलो ऱ्हवाक?”

हे स्कूटरवरची वळकटी सोडत होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. मला कळलं, हे म्हणणार, लवकरच येईन. माझ्यासाठी म्हणणार. आणि एकदा म्हटलं की येतीलही, आणि त्या दोन खोल्यांत जीव मुठीत धरून जगतील. मी नुसती गप्प राहिले असते तरी मला हवं ते मिळालं असतं.

“हे नाही येणार राहायला,” मी म्हटलं. “ह्यांना ह्यांच्या घरी राहायचंय, भावाजवळ. मला इथं राहायचंय. कधीमधी शनिवारी येतील.”

बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. आमच्यात काही बिनसलंय का, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

ह्यांनी वळकटी खाली ठेवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी बाहीला पुसले, लपवले नाहीत.

“शनिवारी कशाला?” हे म्हणाले. “शुक्रवारची पाळी बदलून घेईन. शुक्रवारीच निघेन.”

पुढं माझी बदली इचलकरंजीला होईपर्यंत अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं ते शुक्रवारीच निघाले.